सात ठिपके आणि एक अंबाडा

शाळेत किस्से घडतात वर्गात, पण साठतात स्टाफरूममध्ये. मुली दरवर्षी नव्या येतात, त्यांना जुन्याचं काय! ते आमच्याकडेच राहतं. ऑफ पिरियडला कुणीतरी "त्या वेळी नाही का..." म्हणायचा अवकाश, की चहा गार होईपर्यंत सुटका नाही. आमच्या शाळेचे निम्मे किस्से केस सरळ करायच्या एका मशीनचे आहेत, हे बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आता ते मशीन स्टाफरूममध्ये नाही आणि दातार मॅडमही नाहीत. तिथलं कपाट उघडलं की अजून हात आपोआप खालच्या कप्प्याकडे जातो आणि चुकचुकल्यासारखं होतं. म्हणून म्हटलं, सांगून टाकावं.

*

आमच्या स्टाफरूमची एक जुनी रीत आहे. वर्षातून एकदा-दोनदा लागणारी वस्तू प्रत्येकीने वेगळी घ्यायची नाही, सगळ्यांनी मिळून एक घ्यायची. कुरडयांचा मोठा सोऱ्या आमचा सामाईक. ढोकळ्याचं भांडं सामाईक. एक जांभळी पैठणीसुद्धा काही वर्षं सामाईक होती, एकाच दिवशी दोन लग्नं निघाली तेव्हा पंचाईत झाली!

तर गॅदरिंग जवळ आलं आणि ठरलं, केसांचं मशीन घ्यायचं. आठ जणी, एक मशीन. खरेदीला मेन रोडला गेलो मी आणि आहेर मॅडम. आहेर मॅडम आमच्या पीटीच्या, माहेर सटाण्याचं आणि आवाज मैदानाचा.

दुकानदाराने शांतपणे विचारलं, "केस कसे आहेत मॅडम? पातळ, जाड, कुरळे?"

"आठ जणींचे आहेत!" आहेर मॅडम म्हणाल्या.

"तसं नाही हो. केस बघून मशीन ठरतं. पातळ केसांना कमी ताप लागतो, जाड केसांना जास्त..."

"मग सगळ्यात जास्त तापणारं द्या. उरलं तर उरलं!"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, हा कुकर नाहीये."

*

शेवटी गोल बटण फिरवून ताप कमी-जास्त करता येतो असं मशीन घेऊन आम्ही परतलो. दातार मॅडमनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. दातार मॅडम विज्ञानाच्या. आम्हालासुद्धा हजेरी घेतल्यासारख्या आडनावाने हाक मारायच्या.

"आहेर, जाधव, छान. आता आठ जणींच्या केसांची सरासरी काढायची का?"

मग त्यांनीच मनावर घेतलं. एकेकीला खिडकीपाशी उभं केलं. एक केस बोटांत धरायचा, उजेडात बघायचा, हलकेच ताणायचा, सोडायचा. नंतर मशीन तापवून पट्ट्यांमध्ये परीक्षेच्या पुरवणीचा कोरा तुकडा धरायचा. कागद पिवळा पडला की, "हे तुम्हाला नाही, जाधव. तुमचे केस तलम." असं करत करत प्रत्येकीची जागा ठरली आणि बटणाभोवती नेलपॉलिशचे ठिपके पडले. सगळ्यात खाली माझा, फिकट गुलाबी. सगळ्यात वर आहेर मॅडमचा, लालभडक. मधे बाकीच्यांचे.

ठिपके झाले सात. आठवा दातार मॅडमचा, तो त्यांनी लावलाच नाही.

"मला काय करायचंय? माझा अंबाडा आहे."

त्यांचा अंबाडा हा आमच्या चेष्टेचा हक्काचा विषय. पुढचे केस पार पांढरे झालेले, आणि मागे जाळीत घट्ट बसवलेला अंबाडा मात्र काळाभोर! आमच्या कमलमावशी, शाळेच्या शिपाई, मूळच्या सायखेड्याच्या, त्या तर तोंडावर म्हणायच्या, "दातारबाई पुढून आजी अन् मागून नवरी हायेत!" मॅडमसुद्धा हसायच्या. गंगावन असणार हे आम्हाला कळत होतं. बाजारात मिळतं, कितीतरी बायका लावतात. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

*

मॅडमचा मशीनवरच्या आकड्यांवर विश्वास नव्हता. "तो आकडा छापलेला आहे, मोजलेला नाही," असं त्या एकदा म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या. हे वाक्य आहेर मॅडमच्या डोक्यात बसलं. त्यांनी प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला, मशीन लाल ठिपक्यावर ठेवलं आणि पट्ट्यांमध्ये धरला. लाल रेघ सरसर वर गेली. आम्ही सगळ्या माना वर करून बघतोय. रेघ शेवटाला पोचली आणि टक्! काच फुटली, लाल पाणी हजेरीपटावर.

"हाई काय शे!" आहेर मॅडम ओरडल्या. घाबरल्या की त्यांची अहिराणी आधी बाहेर पडते.

दातार मॅडम परत आल्या, तुकडे पाहिले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, पेन काढलं आणि विचारलं, "आहेर, फूटतूट रजिस्टरला कारण काय लिहू? केस?"

*

दातार मॅडमना एकच मुलगी, मुक्ता. आमच्याच शाळेत शिकली, पण ते मी आणि आहेर मॅडम इथे लागायच्या आधीचं. दहावीनंतर पुण्याला होस्टेलला गेली, तिथेच नोकरीला लागली. मॅडमचे मिस्टर गेल्यापासून घरात त्या एकट्या. पुणं काही लांब नाही, सकाळच्या बसने निघालं तर जेवायला नाशिकला. पण मुक्ता येत नसे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की मॅडम चकल्यांचा भलामोठा डबा घेऊन यायच्या. "मुक्ता येणार म्हणून जास्त केल्या होत्या. नाही जमलं तिला." दरवर्षी हेच वाक्य, आणि दरवर्षी डबा तेवढाच भरलेला. चकल्या कुरकुरीत असायच्या, आम्ही भरपूर कौतुक करायचो. पण त्या पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणाला मोठ्याने हसवत नसे.

एका वर्षी आहेर मॅडमनी न राहवून विचारलंच, "मॅडम, तिच्याशी भांडण झालंय का?"

"भांडण झालं असतं तर मिटलं असतं," मॅडम म्हणाल्या आणि डबा पुढे केला.

*

माझा किस्सा सांगायला मला आवडत नाही, पण बाकीच्या सोडणार नाहीत. पालकसभेचा दिवस. घाईघाईत मी मशीन लावलं आणि ठिपका बघायची विसरले. आधी आहेर मॅडमनी वापरलेलं, म्हणजे बटण लाल ठिपक्यावर! कपाळावरची बट पट्टीत धरली, खाली ओढली, आणि पट्टी खाली आली तशी बटही खाली आली. हातात! कोरडा, करपलेला वास खोलीभर.

सगळ्या फिस्सकन हसल्या. मला रडू फुटायचं बाकी होतं. दातार मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी उठून खिडकी उघडली, नाकाला पदर लावून बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. मग माझ्यासमोर बसून उरलेल्या केसांचा भांग असा काही पाडला की सभेत एकाही आईला कळलं नाही.

"तलम साडीवर आपण कडक इस्त्री फिरवतो का जाधव? मग?" आणि त्यावरून त्यांची ती गोष्ट सुरू झाली.

ती गोष्ट शाळेत प्रसिद्ध होती. केसांचा विषय निघाला की मॅडम कुठल्याही वर्गात सांगायच्या. एक मुलगी होती. केस दाट, कुरळे, कमरेपर्यंत. सेंडऑफला तिला सरळ केस हवे होते, सगळ्या मैत्रिणींसारखे. आईकडे मशीन मागितलं. आई म्हणाली, केस म्हणजे प्रथिन, तापवलं की बिघडतं, मिळणार नाही. मग मुलीने काय केलं? चादर पसरली, केस पसरले आणि घरातली कपड्यांची इस्त्री फिरवली! एक बाजू जळाली. कापून कानापर्यंत आणावे लागले.

"आई फार हुशार होती ना!" असं म्हणून मॅडम गोष्ट संपवायच्या. मुली खिदळायच्या. आम्हाला वाटायचं, बाईंनी शिकवायला रचलेली गोष्ट. कमलमावशी तेवढ्या ही गोष्ट सुरू झाली की काम नसतानाही उठून घंटेकडे जायच्या.

*

आता वाळूचा किस्सा. गॅदरिंगचा दिवस, आहेर मॅडम सूत्रसंचालनाला. थंडीत पहाटे न्हाऊन आलेल्या, केस दाट, आतून ओले. दातार मॅडमनी शंभरदा बजावलेलं, केस पूर्ण कोरडे झाल्याशिवाय मशीन लावायचं नाही. पण वेळ कुणाला! आहेर मॅडमनी ओल्या केसांवर मशीन दाबलं. चर्रर्र आवाज, आणि डोक्यातून वाफेचा लोट.

नेमक्या त्याच वेळी कमलमावशी दारातून डोकावल्या. त्यांना दिसलं काय, तर आहेर मॅडमच्या डोक्यातून धूर! कॉरिडॉरमध्ये आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. मावशींनी एक उचलली, आणि कुणी काही म्हणायच्या आत अख्खी बादली आहेर मॅडमच्या डोक्यावर!

वाळू केसांत, कानांत, जरीच्या पदरात.

"मला वाटलं मॅडम पेटली!" कमलमावशी रिकामी बादली छातीशी धरून म्हणाल्या. "धूर निघत व्हता ना लय!"

आहेर मॅडमनी सूत्रसंचालन डोक्याला स्कार्फ बांधून केलं. पाहुण्यांनी भाषणात खास कौतुक केलं, "संचालिकाबाईंची वेशभूषाही विषयाला साजेशी." विषय होता वाळवंट वाचवा!

*

पुढच्या वर्षीच्या गॅदरिंगला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. नववीच्या मुलींचा नाच. सगळ्यांचे केस सरळ आणि मोकळे हवेत असं आहेर मॅडमचं फर्मान. त्यात सानिका नावाची एक मुलगी, केस असे कुरळे की कंगवा अडकून राहावा. ती रांगेत शेवटी उभी होती. तिची पाळी आली आणि आहेर मॅडमनी बटण लाल ठिपक्याच्या पुढे नेलं.

"बंद करा ते," दातार मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, एकटीच वेगळी दिसेल ती!"

"दिसू दे."

"नाच माझा आहे मॅडम!"

"आणि केस तिचे आहेत!" मॅडमचा आवाज एवढा चढलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. आहेर मॅडमनी मुकाट्याने मशीनची पिन काढली.

दातार मॅडम सानिकाला नळापाशी घेऊन गेल्या. केस ओले केले, हातावर थोडं तेल घेतलं, रुंद दातांच्या कंगव्याने खालून वर, जरा जरा करत गुंता सोडवला. "कुरळे केस ओले असतानाच विंचरायचे बाळा. कोरडे कधी विंचरायचे नाहीत. आणि तापवायचे तर मुळीच नाहीत." मग फडक्याने नुसते टिपून सोडून दिले. त्या संध्याकाळी नाचात सानिका वळली की केस तिच्याबरोबर वळत होते, आणि टाळ्या कुणाला पडत होत्या ते सगळ्यांना दिसत होतं. आहेर मॅडमनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

सगळं आवरून मी मॅडमना शोधत प्रयोगशाळेत गेले तर दातार मॅडम अंधारात बसलेल्या.

"वैशाली," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. "ती इस्त्रीची गोष्ट तुम्हाला खोटी वाटते ना? ती मुक्ता."

मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

"केस जळाले त्याचं काय, केस वाढतात. पण दुसऱ्या दिवशी तो जळका पुंजका मी वर्गात नेला. उष्णतेचा परिणाम शिकवायला. नमुना म्हणून. सगळ्या मुलींनी हातात घेऊन पाहिला, वास घेतला, हसल्या. मुक्ता तिसऱ्या बाकावर बसली होती. मला वाटत होतं मी किती छान शिकवतेय."

खूप वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीसाठीही.

"तुम्ही तिला कधी म्हणालात का, की चुकलं?"

"फोनवर काय म्हणायचं असतं, ते मला अजून जमलेलं नाही. ती घरी आली असती तर म्हणाले असते. ती येत नाही, आणि मी म्हणत नाही."

*

यंदा दातार मॅडम रिटायर झाल्या. शाल, श्रीफळ, चांदीची समई असं सगळं ठरलेलं असतं. आम्ही तरी विचारलं, मॅडम, स्टाफकडून खास काय देऊ?

"ते मशीन द्या. तुमचं सामाईक."

"अहो, जुनं कशाला? नवीन घेऊ!"

"नको, तेच. मुक्ताला निरोप समारंभाचं कळवलंय. आली, तर तिला द्यायचंय. तिने मागितलं होतं."

मुक्ता येईल यावर आमच्यापैकी एकीचाही विश्वास नव्हता. कार्यक्रम सुरू झाला, मुख्याध्यापिका मॅडमचं भाषण झालं, मुलींनी गाणं म्हटलं. दातार मॅडमचं लक्ष दाराकडे. आणि हार घालायच्या वेळी मागच्या खुर्चीवर एक मुलगी येऊन बसलेली दिसली. पाठीवर सॅक, केस बॉयकट. कमलमावशींनी तिला आधी ओळखलं आणि पदराने डोळे पुसले.

नंतर स्टाफरूममध्ये फराळ. मुक्ता आईच्या शेजारच्या खुर्चीवर अवघडून बसली होती. प्लेटमधली चकली तिने मोडली होती, खाल्ली नव्हती. दोघी एकमेकींशी जेमतेम बोलत होत्या. बस कशी होती, ऊन किती आहे. आम्हालाच ते बघवेना.

वातावरण हलकं करायला आहेर मॅडमनी मशीनचं खोकं काढून आई-लेकीसमोर ठेवलं आणि नेलपॉलिशची बाटली उघडली. "मॅडम, सात ठिपके झाले, आठवा राहिला! तो लावल्याशिवाय मशीन द्यायचं नाही. सोडा आज अंबाडा!"

"काहीतरीच काय आहेर!"

"सोडा, सोडा!" सगळ्या ओरडल्या. मॅडमनी दोन्ही हात अंबाड्यावर धरले. त्या खरोखर घाबरलेल्या दिसल्या, मला वाटलं आता कुणीतरी आहेर मॅडमना थांबवावं.

तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "सोड ना आई. किती वर्षांत मी तुझे केस बघितले नाहीत."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूहळू एकेक आकडा काढला, जाळी काढली. त्यांचे स्वतःचे पांढरे, विरळ केस मानेवर पडले आणि हातात राहिलं ते गंगावन. सोडल्याबरोबर ते आपोआप वळलं. दाट, काळंभोर, कुरळं. एका टोकाला तांबूस, करपलेलं.

आहेर मॅडमच्या हातात बाटली तशीच उघडी.

मुक्ताने ते आईच्या हातातून घेतलं, मांडीवर ठेवलं. एक बट बोटाभोवती गुंडाळून सोडून पाहिली. मग ते करपलेलं टोक नाकाशी नेलं.

"वास तर गेला गं, आई."

"मला येतो," मॅडम म्हणाल्या.